रुपयावरचा रंग : मुरलेला की चढवलेला

चांदीच्या रुपयावर निळी-जांभळी झाक दिसली की आजकाल भाव लगेच वर चढतो. मोबाइलवर फोटो येतो, खाली ‘रेनबो टोनिंग, रेअर’ (टोनिंग म्हणजे नाण्यावर मुरलेला रंग) असं लिहिलेलं असतं आणि साध्या कलदारापेक्षा कितीतरी जास्त पैसे मागितलेले असतात. अमेरिकेत हा शौक जुना आहे. तिथले १८७८ पासून पाडलेले मॉर्गन डॉलर सरकारी तिजोऱ्यांत कापडी पिशव्यांमध्ये, एका पिशवीत हजार, असे कित्येक दशकं पडून होते. कापडाला टेकलेल्या नाण्यांवर इंद्रधनुष्य उमटलं. ती नाणी बाहेर आल्यावर हौशी लोकांनी त्या रंगाचं वेगळं मोल दिलं. मागणी आली तिथं नक्कल आलीच, आणि ती आता आमच्या आठवडी बाजारापर्यंत पोचली आहे.

मी सोनार. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस भागातल्या एका गावात आमचं पिढीजात दुकान आहे. चांदी उजळणं जसं माझं काम, तसं चांदी काळी करणंही. ऑक्सिडाइज पैंजण, जोडवी, बाजूबंद लोक मागतात, तेव्हा गंधकाच्या पाण्यात माल बुडवून रंग चढवावा लागतो. त्यामुळे हा रंग कसा चढतो ते माझ्या हातांना माहीत आहे. आणि वडिलांच्या काळापासून मोडीत आलेल्या रुपयांतले चांगले बाजूला काढून जपत आलो, म्हणून आपसूक मुरलेला रंग कसा दिसतो तेही रोज डोळ्यांसमोर असतं. गावातल्या माणसानं फसू नये, आणि घरातलं चांगलं नाणं घासूनही टाकू नये, यासाठी हे लिहितो.

आधी रंग येतो कुठून ते पाहू. गंधक आपल्या घरात सगळीकडे असतं. चुलीच्या धुरात, गोवऱ्यांच्या धुरात, लोकरीत, रबरात, पुठ्ठ्यात, जुन्या कागदात. कपाशी-संत्र्याच्या फवारणीचं गंधक ज्या खोलीत ठेवता, तिथं तर विचारूच नका. हे गंधक चांदीला धरतं आणि तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. सुरुवातीला तो इतका पातळ असतो की केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एखादा भाग. पावसाळ्यात डबक्यावर डिझेल सांडलं की जशी रंगांची वलयं दिसतात, तसाच हा खेळ उजेडाचा आहे. थराच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो, आणि थर जाड होत गेला की रंग बदलत जातो.

म्हणून या रंगांना क्रम असतो. पांढऱ्या चांदीवर आधी फिकट पिवळा येतो. मग सोनेरी, मग तांबूस, मग जांभळट किरमिजी, मग गडद निळा, मग फिकट आकाशी. थर आणखी वाढला तर दुसरी फेरी सुरू होते: पुन्हा पिवळा, पुन्हा किरमिजी आणि मग हिरवा. शेवटी सगळं राखाडी-काळं. खरा हिरवा हा दुसऱ्या फेरीतला रंग आहे. पांढऱ्याशुभ्र चांदीला लागून एकदम पोपटी हिरवा, मध्ये पिवळा नाही, जांभळा नाही, निळा नाही, असं दिसलं तर ते सल्फाइडचं काम नव्हे. तिथं शाई, लाखेचा हात किंवा दुसरं काही रसायन लावलं आहे असं धरून चाला.

पण क्रम बरोबर दिसला म्हणून नाणं खरं ठरत नाही. माझ्या वाटीतल्या कोमट गंधक-पाण्यात चांदी टाकली की हाच सगळा क्रम डोळ्यांदेखत सरकतो. निळ्यावर हात थांबवून थंड पाण्यात टाकलं की रंग तिथंच थांबतो. जे काम पेटीत पडून व्हायला कित्येक वर्षं लागतात, ते वाटीत घटकाभरातही नाही, त्याच्याही आत होतं. ओळखायची असते ती ही घाई. तिच्या खुणा राहतात.

खरी तपासणी एका प्रश्नापासून सुरू होते: हे नाणं कुठं आणि कसं पडून होतं? रंगाचं उत्तर त्या जागेशी जुळलं पाहिजे.

आपल्याकडं रुपये ठेवायच्या पद्धती ठरलेल्या होत्या. चळत करून फडक्यात गुंडाळायची आणि ते गाठोडं उतरंडीतल्या मडक्यात, नाहीतर लोखंडी पेटीच्या तळाशी जायचं. चळतीतला रुपया वरून-खालून दुसऱ्या रुपयांनी झाकलेला असतो. हवा लागते ती फक्त कडेला. म्हणून त्याचा रंग काठावरून सुरू होतो आणि आत येता येता फिका पडतो. काठाला निळा, त्याच्या आत जांभळा, मग तांबूस, मग पिवळा, आणि मधोमध व्हिक्टोरिया राणीच्या गालावर चांदी पांढरीच. कडेच्या खाचासुद्धा काळवंडलेल्या असतात, कारण सगळ्यात जास्त हवा त्यांनाच लागलेली. चळतीच्या टोकाच्या रुपयाची एक बाजू पूर्ण रंगलेली आणि दुसरी जवळजवळ कोरी असते. त्या रंगलेल्या बाजूवर भिंगातून पाहिलं तर कधीकधी फडक्याच्या उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी उमटलेली दिसते. विकणारा म्हणतो चळतीतला आहे, मधोमध गडद रंग आहे आणि कडेच्या खाचा मात्र लख्ख पांढऱ्या, तर त्याची गोष्ट आणि त्याचं नाणं एकमेकांशी बोलत नाहीत.

पुठ्ठ्याच्या जुन्या अल्बममधल्या नाण्याचा रंगही काठावरूनच आत येतो, पण बऱ्याचदा एका बाजूनं चंद्रकोरीसारखा. देवघराच्या कोनाड्यात उघडं पडलेलं नाणं बहुधा सरसकट मळकं तपकिरी-काळं होतं. त्याला सुंदर वलयं क्वचितच येतात. रबरबँड बांधलेल्या चळतीत टोकाच्या रुपयांवर सरळ काळी पट्टी उमटते. ती दिसायला वाईट, पण अगदी खरी.

आता दोन रुपये जवळून पाहू. दोन्ही अलीकडेच माझ्या काउंटरवर आले.

पहिला १९०१ चा राणीछाप, जवळच्या खेड्यातल्या एका म्हातारीनं आणलेला. विकायचा नव्हता. “पाहा बरं जी, हा काळा काहून पडला? बाकीचे त पांढरे हायेत,” एवढंच तिचं म्हणणं. एकाच दिव्याखाली रुपया बोटांत तिरका धरून हळूहळू फिरवला. उजेडाचा पट्टा नाण्यावरून पंख्याच्या पात्यासारखा फिरत गेला, आणि रंगावरून जातानाही तुटला नाही. निळ्यात निळा चमकला, जांभळ्यात जांभळा. टाकसाळीतून आलेली झिलई खाली शाबूत होती आणि रंग तिच्यावर पारदर्शक बसला होता. अक्षरांच्या पायथ्याशी, जिथं धातू उंच उठतो, तिथं रंग एक पायरी मागे होता: मोकळ्या जागेत जांभळा, अक्षराला चिकटून तांबूस, आणि ‘एम्प्रेस’ शब्दाच्या अक्षरांच्या पोटात पिवळा. रंगांच्या पायऱ्या एकमेकींत अशा विरघळलेल्या की एक कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते बोट ठेवून सांगता येऊ नये. गालावर एक बारीक ओरखडा होता. तो चांदीसारखा पांढरा, म्हणजे रंग मुरल्यानंतर कधीतरी पडलेला. तिला सांगितलं, मावशी, हा चळतीचा शेवटचा रुपया असणार. याला हात लावू नका, चिंच तर मुळीच लावू नका.

दुसरा १९१८ चा, पाचव्या जॉर्जचा. एका तरुण पोरानं ऑनलाइन घेतलेला. “काकाजी, पाहा ना कसा रंग आला याले! फोटोत त याहून भारी दिसे.” रंग होता भडक खरा, निळा आणि केशरी, ढगाढगांचा. दिव्याखाली फिरवला तर उजेडाचा पट्टा रंगाशी येऊन मरत होता. खाली चमक नव्हतीच. रंग राजाच्या दाढीवरून, मुकुटावरून, अक्षरांवरून, मोकळ्या जागेवरून सारखाच गेलेला. उंच-सखल त्याला ठाऊकच नाही. दहापटीच्या भिंगातून बघितलं तर एकाच दिशेनं गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा सगळीकडे होत्या, आणि प्रत्येक रेघ आजूबाजूपेक्षा गडद. मागच्या बाजूला कमळाखाली मुंबई टाकसाळीचा बारीक ठिपका असतो, त्याच्याभोवती निळ्याचा एक ओघळ सुकलेला होता. ओघळ म्हणजे द्रव. हवेनं आलेला रंग ओघळत नाही. हा रुपया आधी घासून पांढरा केला, मग बुडवला, मग उभा धरून निथळू दिला. त्या पोराला सगळं भिंगातून दाखवलं, त्यालाही दिसलं.

ज्या रुपयाला झिलईच उरलेली नाही, त्याच्यावर झगझगीत इंद्रधनुष्य दिसलं तर संशय घ्या. चार हातांतून फिरलेला, गाल आणि मुकुट सपाट झालेला रुपया आपल्या ठरलेल्या रीतीनं काळवंडतो: खोलगट जागा, अक्षरांच्या फटी, नक्षीच्या कपारी काळ्या, आणि उंच भाग घासून घासून फिके राखाडी. हे रूप मला फार आवडतं. त्यात चेहरा उठून दिसतो, आणि ते बनवता येत नाही असं नाही, पण नीट बनवणं कठीण आहे. ऑक्सिडाइज दागिन्यात आम्ही तेच करतो, सगळं काळं करून उंच भाग उजळतो. पण उजळताना ब्रशच्या रेघा राहतात आणि काळ्या-पांढऱ्यामधली सीमा फार स्पष्ट येते. बोटांनी झिजलेल्या नाण्यात ती सीमा नसतेच.

आपल्या भागात सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार मात्र या दोन्हींत बसत नाही, आणि त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथं थोडं थांबतो. लक्ष्मीपूजनाला घरोघरी चांदीचे रुपये बाहेर निघतात. पूजेआधी ते उजळले जातात: राखेनं, चिंचेनं, रिठ्यानं, हल्ली टूथपेस्टनं. मग दुधा-पाण्यानं धुऊन, हळदकुंकू वाहून, पुन्हा फडक्यात. वर्षभर पेटीत पडल्यावर त्यांच्यावर पुन्हा रंग येऊ लागतो. असं पिढ्यान्पिढ्या. या नाण्यांवरचा रंग खोटा नाही. कुणी फसवायला चढवलेला नाही. पण तो घासलेल्या अंगावर आलेला आहे. खूण अशी: राखेच्या रेघा गोल गोल किंवा आडव्यातिडव्या, कारण अंगठ्यानं घासलेलं असतं, आणि रंग त्या रेघांमध्ये जास्त गडद. अक्षरांच्या कोपऱ्यांत राखेचा पांढरट, नाहीतर कुंकवाचा लाल कण अडकलेला दिसतो. अशा नाण्याला ‘मूळ टोनिंग’ म्हणून जास्त पैसे मोजू नका, आणि विकताना तसं सांगूही नका. पण घरातलं असेल तर त्याचं मोल तुमच्याकडंच आहे. यापुढे पूजेला फक्त पाणी शिंपडा आणि मऊ सुती कापडानं टिपा. लक्ष्मीला काळा रुपया चालतो.

आमच्या भागात बंजारा समाजाच्या बायांच्या अंगावर रुपये ओवलेल्या माळा आणि कपड्यांवर शिवलेल्या पावल्या असायच्या. त्या माळांतले रुपये मोडीत येतात, कडी काढून घासून विकले जातात आणि कडीची जागा लपवायला वर रंग दिला जातो. ही लबाडी ओळखायला सोपी आहे. कडी झाळताना टाकणखार लावून ज्योत दिलेली असते. रुपयात दर बारा भागांत अकरा चांदी आणि एक तांबं, आणि ज्योतीनं ते तांबं आतल्या आत जळतं. तिथं राखाडी-जांभळट डाग पडतो, तो उजळून जात नाही. बहुतेक वेळा तो डोक्याच्या बरोबर वर, काठाला असतो. त्याच ठिकाणी कडेच्या खाचा भरलेल्या किंवा कानशीनं पुन्हा पाडलेल्या दिसतात. म्हणून रंगीत रुपया हातात आला की मी आधी कडा बघतो, चेहरा नंतर.

सगळ्या रुपयांची चांदी सारखी नाही, हेही लक्षात असू द्या. १९४० ते १९४५ चे सहाव्या जॉर्जचे रुपये निम्मेच चांदीचे. उरलेल्यात तांबं, निकेल, जस्त. ते मळकट पिवळे, तपकिरी, राखाडी होतात. त्यांच्यावर राणीछापासारखी स्वच्छ निळी-किरमिजी वलयं दिसली तर दोनदा पाहा. १९४७ चा रुपया तर निकेलचाच आहे. त्याला चांदीचा रंग येण्याचा प्रश्नच नाही. गांधी शताब्दीचं १९६९ चं दहा रुपयांचं नाणं आमच्याकडं बऱ्याच घरांत आहे. त्यात शंभरात ऐंशी भाग चांदी असते, त्यामुळे त्याला चांगला रंग येतो आणि तो बहुधा खराही असतो. तांब्याच्या पै-पैशांवर जांभळा-निळा झगमगाट दिसला तर मी पुढं बघतही नाही. बहुधा ज्योत किंवा रसायन, दोन्हींपैकी एक.

जमिनीतून निघालेल्या नाण्याची गोष्ट वेगळी. आमच्या काळ्या मातीत पुरलेली चांदी इंद्रधनुष्य घेऊन वर येत नाही. मातीतल्या क्षारांनी तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा मेणचट, राखाडी-जांभळट थर चढतो, आणि तांबं बाहेर येऊन हिरवे ठिपके धरतात. ‘नांगरताना सापडला’ म्हणून कुणी सप्तरंगी रुपया दाखवला तर त्या रंगाला जमीन ठाऊकच नाही. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. ती नाणी पोटीन नावाच्या मिश्र धातूची, चांदीची नव्हेत. तशा नाण्यावर चांदीचा निळा-किरमिजी रंग कुणी दाखवला तर तो रंगवलेलाच. आणि तुमच्या शेतात खरंच काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते घेऊन सोनाराकडं येऊ नका. मी घेत नाही, दुसऱ्या कुणीही घेऊ नये.

घरी करण्यासारख्या दोन चाचण्या आहेत. पहिली नाकाची. नाणं स्वच्छ काचेच्या बरणीत घालून झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडताच वास घ्या. नुकतंच गंधकात घातलेलं असेल तर सडक्या अंड्याचा उग्र वास येतो. वर्षानुवर्षं मुरलेल्या रंगाला वास नसतो. दुसरी शुद्ध अ‍ॅसिटोनची. नेलपॉलिश काढायचं सुवासिक पाणी वापरू नका, त्यात भलतंच काही असतं. काचेच्या वाटीत, अंगणात, चूल-बिडीपासून लांब, नाणं काही मिनिटं बुडवून ठेवा. घासू नका, काढून आपोआप सुकू द्या. शाई, लाख, तेल, मेण सुटून येईल. सल्फाइडचा रंग राहील, मग तो पेटीतला असो की वाटीतला. म्हणजे रंग गेला तर खोटा हे नक्की. राहिला तर फक्त एक शंका कमी झाली, बाकी तपासणी भिंगानंच करायची. चांदी उजळायच्या तयार पाण्यात नाणं कधीही बुडवू नका. खरा-खोटा दोन्ही रंग जातात, झिलईही जाते.

वजनही करून घ्या. राणीछाप आणि राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजल्यानं थोडा कमी भरेल, पण बराच कमी भरला तर रंगाचा वाद घालण्यात अर्थ नाही, नाणंच खोटं आहे.

ऑनलाइन घेताना फोटोवर विश्वास ठेवू नका. फोनमध्ये रंग वाढवणं बोटाचं काम आहे. तीन गोष्टी मागा: एका दिव्याखाली नाणं तिरकं करत फिरवलेला व्हिडिओ, चारी बाजूंनी कडेचा फोटो, आणि मागची बाजू तितक्याच जवळून. विकणारा यातलं काही द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. मोठी रक्कम असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या तपासणी कंपनीच्या सीलबंद खोक्यातलं नाणं बघा; रंग संशयास्पद वाटला तर ते त्याला नेहमीचा आकडी दर्जा देत नाहीत आणि तसं वर लिहितात. खोकी नकली असू शकतात, म्हणून त्यावरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून पडताळा. आणि मनातून पटत नसेल तर साध्या रुपयाचा भाव द्यायला तयार राहा, त्याहून एक पैसाही जास्त नको.

आहे तो रंग टिकवायचा तर मऊ, गुळगुळीत प्लास्टिकच्या पाकिटांतून नाणी बाहेर काढा; त्यातून पुढे हिरवा चिकट थर सुटतो. मायलरची (पॉलिएस्टरची) पाकिटं किंवा घट्ट बंद होणाऱ्या डब्या घ्या, पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी टाका. हातात घेताना कडेनंच धरा, बोटाचा ठसा चांदीवर कायमचा उमटतो. वर्तमानपत्र, रबरबँड, काड्यापेटी, लोकरीचं कापड लांब ठेवा. आणि फवारणीच्या औषधांची, गंधकाच्या पुड्यांची खोली आणि नाण्यांची पेटी एका घरात असली तरी एका खोलीत नसावी.